बिहीखालचे डोंगरजिरे

सवरीनिसो आपांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे, मातीची, पुरुषभर उंचीची. त्या बाजूला काय उगवले आहे हे मला बहुधा वासावरूनच कळते. थंडी सरता सरता अळिवाच्या कोवळ्या पानांचा तिखट वास येतो, मग शेपू आणि कोथिंबीर, आणि ऊन तापले की तुळशीच्या जातीच्या जांभळ्या रैहानचा. हा शेवटचा वास इतका दाट असतो की आमच्या अंगणात चहा पिताना पियाल्यात कुणी पान टाकले की काय असे वाटावे.

आमच्या या ताजिक शहरात, पंजाकेंतमध्ये, अंगणात चार पालेभाज्या लावत नाही असे घर सापडणार नाही. पण बाकीच्यांकडे वाफे असतात. आपांचे अंगण द्राक्षाचा मांडव, तंदूर, कोपऱ्यातले बिहीचे, म्हणजे सफरचंदासारख्या तुरट फळांचे झाड आणि त्यांच्या यजमानांची, बारोत अकांची, जुनी मिनीबस यांनीच भरलेले होते, त्यामुळे त्यांची सगळी शेती डब्यांत. सरकीच्या तेलाचे कापलेले कॅन, टवके उडालेल्या पराती, बूड गेलेली कढई. त्यांत चुका, घोळ, लाल चाकवत, ओव्याच्या वासाचे जंबिल, आणि चावले की बडीशेप खाल्ल्यासारखी जीभ गार करणारे तरखून. बाजारात लोणची विकणाऱ्या कोरियन बाईकडून त्यांनी एकदा एक बी मागून आणले. त्याची पाने दातेरी कडांची, वरून हिरवी आणि खालून जांभळी निघाली. त्याचे खरे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून त्या घरात आणि आमच्याही घरात ते 'कोरियन पान' झाले. नवे काही उगवले की पहिली जुडी भिंतीवरून आमच्याकडे येते. मी सुक्या जर्दाळूंच्या वखारीत हिशेबाचे काम करतो, तेव्हा आमच्याकडून परतफेडीला बहुधा जर्दाळूच जातात.

बी कुठलेही असो, आपांची रुजवण्याची रीत एकच. आधी कोमट पाण्यात भिजवायचे, मग जुन्या सुती रुमालाच्या ओल्या तुकड्यात बांधायचे, आणि मग संदलीखाली ठेवायचे. हिवाळ्यात आमच्या घरांतून खोलीच्या मधोमध खळग्यात निखारे असतात, त्यावर बुटके मेज, आणि मेजावर सगळ्या घराचे पाय झाकतील एवढी रजई; हीच संदली. या रजईच्या आत आपांची बियांची गाठोडी ओळीने मांडलेली असत. नवरोजच्या खिरीसाठी गव्हाला मोड आणतात तेही उबेतच, आणि बाहेरून कुडकुडत आलेल्या पाहुण्यालाही संदलीच्या सर्वांत उबेच्या बाजूला बसवतात. इथे माणसाला मान द्यायचा म्हणजे आधी ऊब द्यायची. बियांना आपा त्याच रीतीने वागवीत.

बारोत अका त्यावरून कुरकुर करीत. आयुष्यभर डोंगराच्या रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस, पाय आखडलेले. ते म्हणत की या घरात ऊब आधी बियांना, मग मांजराला, आणि आपला नंबर लागेपर्यंत वसंत येतो.

आपा मूळच्या ओबिशीरच्या. नदीच्या वरच्या अंगाला मिनीबसचा रस्ता संपतो आणि गाढवाचा सुरू होतो, तिथून पुढे ते गाव आहे. त्यांची आई, बीबी तोजीगुल, तिथेच राहायची. ऐंशी ओलांडलेली, बुटकी, चालताना दोन्ही हात पाठीशी बांधणारी. एकुलता एक मुलगा रशियात त्युमेनला बांधकामावर गेला आणि तिकडचाच झाला. दर शरदात, बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आत, अका तिला खाली घेऊन येत आणि नवरोजनंतर परत पोचवून येत. लेकीकडे हिवाळा काढणे हा पाहुणचार, राहणे नव्हे, याबाबत बीबी अगदी स्पष्ट होती.

ते तिने कसे दाखवले हे सांगायला हवे. आमच्याकडे लांब निघालेला माणूस उंबऱ्यावर नानचा एक घास चावतो. उरलेली नान घरचे लोक खिळ्याला टांगून ठेवतात. माणूस परत आला की ती वाळलेली नान त्यानेच चहात बुडवून संपवायची. घरचे अन्न माणसाला घरी ओढून आणते, अशी समजूत. बीबी ओबिशीरहून निघताना असा घास न चुकता चावायची आणि नान स्वतःच खिळ्याला लावायची, कारण लावायला घरात दुसरे कोणी नव्हते. पण वसंतात पंजाकेंतहून निघताना तिने आपांच्या उंबऱ्यावर एकदाही घास चावला नव्हता. आपा दरवर्षी तंदूरमधली गरम नान घेऊन उभ्या राहत. बीबी अख्खी नान घेऊन पिशवीत टाकी आणि वाटेत खायला बरी पडेल म्हणे.

खाली असेपर्यंत ती रोजच्या जेवणाला आपांच्या पालेभाज्यांचा निकाल लावी. घोळ बुळबुळीत. लाल चाकवताला रंग आहे, चव नाही. कोरियन पान चावून तिने विचारले होते की हे बकरीला दिले तर बकरी काय म्हणाली. खालच्या सगळ्या पाल्याला पाण्याची चव लागते, हे तिचे ठाम मत. खरा पाला एकच, डोंगरजिऱ्याचा. पुलावात घालायचे काळे, बारीक, वाकडे जिरे सगळ्या शहराला मिळते. पण बर्फ मागे सरकले की त्याच्या कडेला जो कोवळा पाला वर येतो, तो फक्त वरच्या लोकांना. खाली आणेपर्यंत त्याचे गवत होते. वसंतात पाला भरून तंदूरमध्ये भाजतात त्या हिरव्या संबुशांत, म्हणजे समोशांत, तो पाला नसेल तर बीबीच्या लेखी ते नुसते पीठ आणि कांदा.

म्हणून आपांनी तो डब्यात उगवायचा ठरवला. बी बीबीच आणायची, रुमालाच्या टोकाला गाठ मारून. पहिल्या वर्षी ते संदलीखाली सडले. दुसऱ्या वर्षी आपांनी पाणी कमी केले, तर बी तसेच कोरडे राहिले. तिसऱ्या वर्षी संदलीतली ऊब कमी पडते असे वाटून त्यांनी ते गाठोडे तंदूरच्या कट्ट्यावर ठेवले आणि रात्री म्हणे कुशीत घेऊन झोपल्या. हे अकांनी सांगितलेले, त्यामुळे त्यातले किती खरे ते त्यांनाच माहीत. जिरे काही उगवले नाही. बीबीला आईच्या मायेने वाईट वाटले असेल, पण बोलून दाखवताना ती खूश दिसायची. जिरे काही खाली येणाऱ्यातले नाही, असे म्हणायची. का उगवत नाही हे तिलाही सांगता येत नव्हते, कारण ओबिशीरमध्ये जिरे कुणी पेरतच नाही. ते आपले असते.

दोन वर्षांपूर्वीच्या शरदात अका बीबीला घेऊन आले ते एक बातमी घेऊनच. ओबिशीरमध्ये तिच्याखेरीज राहणारे शेवटचे घर नझरुल्लो मेंढपाळाचे. तेही सामान घेऊन खालच्या रस्त्यावरच्या गावात राहायला आले होते. म्हणजे यापुढे वसंतात बीबी वर गेली की पहिले कळप चढेपर्यंत गावात चूल पेटणार ती एकाच घरात. आदल्या वसंतात ती झऱ्यावर पाणी आणायला गेली आणि घसरून पडली होती. नझरुल्लोच्या बायकोने गच्चीवरून आडवी पडलेली बादली पाहिली आणि तिला उचलून आणले. आता ती गच्चीही रिकामी होती.

आपांनी त्याच संध्याकाळी आईकडे, त्यांच्या ओचाकडे, विषय काढला. मी अकांबरोबर तिथेच चहा पीत होतो.

"ओचा, आता वर कोण आहे? पडलात तर उचलणार कोण?"

"पडायचं असेल तर कुठंही पडता येतं. तुझ्या अंगणात डबे काय कमी आहेत?"

"मी डबे बाजूला करते. तुम्ही इथंच राहा."

"माझी नान वर टांगलीय, सवरी. ती कोण खाणार, उंदीर?"

मुलाने सांभाळले नाही म्हणून म्हातारी जावयाच्या दारात येऊन बसली, असे लोक म्हणतील, हे तिने पुढे जोडले. अका म्हणाले की तेवढेच असेल तर दार ते उद्या लेकीच्या नावावर करून टाकतात. बीबीने त्यांना सुचवले की दाराचे मग बघू, आधी ती मोडकी गाडी अंगणातून काढा, निदान ऊन तरी येईल. सगळे हसले. आपा हसल्या नाहीत. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, राहा.

बीबीने रुमालाची गाठ सोडली आणि त्यातले बी लेकीच्या ओंजळीत ओतले.

"इथं हे उगवून दाखव. मग बोलू राहायचं."

ही थट्टाच होती. तीन वर्षे जे झाले नाही ते चौथ्या वर्षी होणार नाही, याची तिला खात्री असल्यावाचून ती असे बोलली नसती. पण आपांनी ते बी मूठ आवळून आत नेले, आणि त्या हिवाळ्यात त्या घरात एवढीच एक गोष्ट महत्त्वाची होऊन बसली.

थंडी ऐन भरात असताना आपांनी बी भिजवले आणि निवडायला दस्तरखानाच्या, जेवायला अंथरतात त्या कापडाच्या, एका कोपऱ्यावर पसरले. पोचट बाजूला, भरीव बाजूला. जेवणे नुकतीच आटोपली होती. अकांचे जुने ड्रायव्हर मित्र आले होते म्हणून पुलाव केला होता, आणि दस्तरखानावर भाताची शिते, गाजराचे तुकडे, नानचा चुरा असे सगळे पडलेले होते. तेवढ्यात पाहुणे जायला निघाले. आपा त्यांना वाटेसाठी काही बांधून द्यायला आत गेल्या. त्यांची सून शहलो भराभर आवरायला लागली. तिने ताटल्या उचलल्या, दस्तरखानाची चारही टोके गोळा केली आणि बाहेर जाऊन बिहीच्या बुंध्याशी झटकले. नानचा चुरा पायाखाली येऊ नये म्हणून दस्तरखान नेहमी तिथेच झटकतात. भिंत आणि झाड यांच्यामधल्या त्या बेचक्यात कुणाचा पाय पडत नाही. काळे जिरे तिला दिसले होते. पण पुलावानंतर दस्तरखानावर जिरे दिसले तर ते पुलावातलेच, दुसरे कुठले असणार?

बी कुठे गेले असे परत आलेल्या आपांनी विचारल्यावर तिच्या हातून दस्तरखान गळून पडले. दोघी बाहेर गेल्या. बिहीखाली गुडघाभर बर्फ, वरून आणखी पडत होते, आणि चिमण्या येऊन बसल्या होत्या. आपा बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या की आत जा, पाय ओले होतील.  हे शहलोनेच दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला डोळे पुसत सांगितले. सासू रागावली असती तर बरे झाले असते, असे तिचे म्हणणे.

बीबी तेव्हा आतल्या खोलीत डुलकी घेत होती. तिला सांगायचे धैर्य कुणाला झाले नाही. उलट आपांनी दुसऱ्या रुमालात तेवढेच शेपूचे बी बांधून संदलीखाली नेहमीच्या जागी ठेवून दिले. बीबीची नजर अधू, ती रोज रजईत हात घालून गाठोडे चाचपायची आणि ओल पुरेशी आहे ना ते बघायची. माझ्या अंदाजाने ती बहुधा स्वतःच्या हरण्याचीच वाट बघत होती. गाठोडे तिला सापडत होते, तेवढ्याने तिचे समाधान होई. आपा मात्र त्या दिवसांत तिच्या नजरेला नजर देत नसत.

काही दिवसांनी गाठोड्यातून मोड बाहेर आले. बीबीने रुमाल सोडला, मोड हुंगले, पुन्हा हुंगले, आणि लेकीला हाक मारली.

"सवरी, हे काय आहे?"

"जिरं, ओचा."

"जिऱ्याला शेपूचा वास कधीपासून यायला लागला?"

चहा ओतत असलेल्या शहलोला रडू फुटले आणि तिने सगळे सांगून टाकले. बीबी इतकी हसली की तिला ठसका लागला आणि अकांना उठून तिची पाठ थोपटावी लागली. म्हातारीला फसवायला निघालात आणि तेही शेपू देऊन, असे म्हणून ती परत हसायला लागे. शहलोला तिने एकच गोष्ट विचारली, की पायदळी येईल असे तर नाही ना झटकलेस. बिहीखाली झटकले म्हटल्यावर, मग झाले, रडतेस कशाला, असे म्हणून तिने मोड आलेला शेपू नातसुनेच्याच हातात दिला आणि डब्यात लावायला सांगितले.

शहलो बाहेर गेल्यावर आपा म्हणाल्या की आता बी संपले. बीबीने मान हलवली. नवरोज झाले की निघते, असे ती अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली. कुणाला वाईट वाटावे असे त्या आवाजात काही नव्हते, म्हणूनच बहुधा आपा उठून स्वयंपाकघरात गेल्या.

वसंत लवकर आला. बर्फ वितळले, छपरे ठिबकली, डब्यांत चुका आणि अळीव वर आले. अकांनी मिनीबसच्या चाकांत हवा भरली. बीबीने आपले गाठोडे बांधून दाराशी आणून ठेवले, आणि त्यावर कुणी बसले की ओरडायला सुरुवात केली. जायच्या दोन दिवस आधी आपांनी हिरवे संबुसे केले. डब्यांतला सगळा पहिला पाला त्यांनी खुडला: चुका, पालक, पुदिना, कोथिंबीर, आणि तो शेपूही. तंदूरमधून निघालेल्या संबुशांची एक ताटली भिंतीवरून आमच्याकडे आली. बीबीने चार खाल्ले आणि पाण्याची चव लागते म्हणाली.

जेवणे झाल्यावर दस्तरखान झटकायला ती स्वतः उठली. दोन दिवसांची पाहुणी आहे, तेवढे काम करू द्या, असे म्हणून तिने शहलोच्या हातून ते काढून घेतले. ती बाहेर गेली आणि परत आलीच नाही. थोड्या वेळाने शहलो बघायला गेली, मग आपा गेल्या, मग अका. मला भिंतीपलीकडून अकांची हाक ऐकू आली.

"शेजारी, जरा इकडे या हो. एक बाहेरचा साक्षीदार पाहिजे."

त्यांची ताटली परत करायचीच होती. ती रिकामी देत नाहीत म्हणून बायकोने तीत अक्रोड घातले आणि मी गेलो.

बीबी पालथ्या बादलीवर बसली होती. दस्तरखान तिच्या मांडीवर तसेच होते. बिहीच्या बुंध्याशी, मागच्या वर्षीच्या कुजक्या पानांतून, नखाएवढे हिरवे कोंब वर आले होते. प्रत्येकाला दोन पाने, दोऱ्यासारखी बारीक. मी त्याला गवतच समजलो असतो. बीबीने त्यातला एक मुळासकट उपटून चिमटीत चुरडले होते आणि ती चिमूट ती एकेकाच्या नाकाशी धरत होती. माझ्याही धरली. पुलावाच्या कढईवरचे झाकण उचलावे तसा वास, फक्त ओला आणि हिरवा.

"बर्फाखाली होतं हे," बीबी म्हणाली. "वर दरवर्षी या डोळ्यांनी बघते. बर्फाखाली निजतं आणि बर्फ गेलं की उठतं. आणि आपण तीन वर्षं त्याला निखाऱ्यांवर शेकत बसलो."

 मातीत गुडघे टेकून आपा कोंब बघत होत्या, हात न लावता. अका म्हणाले की ही युक्ती आधी कळती तर बीबीलाही हिवाळाभर अंगणातच ठेवले असते, एव्हाना मुळे धरली असती. बीबी म्हणाली की त्यासाठी अंगणात कशाला, तुमच्या गाडीत बसवायचे, तिच्या खिडक्यांतून बर्फ आतच येते.

मग आपा एकदम उठल्या आणि कात्री घेऊन आल्या. कणीक उरली होती. चार कोंब खुडून दोन संबुसे आईपुरते करायचे, म्हणजे यंदा खालचा का होईना, तो पाला तिच्या तोंडात पडेल, असा त्यांचा विचार. त्या वाकल्या तशी बीबीने त्यांच्या मनगटावर फटका मारला.

"याला पहिल्या वर्षी हात लावायचा नसतो."

"तुम्ही उपटलंत ते?"

"मी ओळखायला उपटलं. आता बास." तिने कात्री काढून घेतली आणि आपल्या मांडीखाली ठेवली. "तुती पिकायच्या आत हे वाळून जाईल. तुम्ही म्हणाल मेलं, आणि इथं मुळा लावाल. खाली मण्याएवढा कंद असतो. तो पुढच्या बर्फात वाढतो, मग त्याच्या पुढच्या. चौथ्या वर्षी फूल धरतं. तेव्हा पाला खुडायचा, तोही सगळा नाही."

आपांनी आईकडे पाहिले. "मला हे काहीच माहीत नाही, ओचा. मी याला तीनदा मारलंय. चार वर्षं याच्याकडे बघणार कोण?"

 कोंबड्या फार झाल्यात या घरात, एवढे बीबी म्हणाली. शहलोकडे तिने विटा मागितल्या आणि बादलीवर बसल्या बसल्या त्या कोंबांभोवती गोल कशा लावायच्या ते सांगत राहिली. एक वीट तिला तीनदा हलवायला लावली. दाराशी बांधून ठेवलेले गाठोडे मात्र तिथून कुणी उचलले नाही.

दोन दिवसांनी ठरल्याप्रमाणे अकांनी गाडी चालू केली. मी आणि बायको निरोप द्यायला गेलो. बीबी बिहीपाशी जाऊन आली, विटा तपासून आली, आणि मग रुमाल नीट बांधून उंबऱ्यावर आली. आपा नेहमीप्रमाणे गरम नान घेऊन उभ्या होत्या. पण त्यांनी ती पिशवीत टाकता येईल अशी कापडात गुंडाळलीच होती. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी दुसरे काही धरून चालायचे सोडून दिले असावे.

बीबीने नान घेतली, कापड सोडले आणि कडेचा एक घास चावला. तिला दात थोडे, त्यामुळे त्याला वेळ लागला. आम्ही सगळे ती चावत असताना नुसते उभे होतो. घास गिळून तिने नान शहलोच्या हातात दिली.

"उंच टांग. इथपर्यंत मांजर पोचतं."

अकांनी गाडी तशीच घरघरत ठेवली आणि खिळा शोधायला धावले. हातोडी सापडेना, म्हणून चाकाच्या पान्यानेच त्यांनी खिळा दाराच्या वर ठोकला, वाकडा. आपा तंदूरकडे तोंड करून राख सारखी करत बसल्या. त्यात सारखे करण्यासारखे काही नव्हते.

आठवडा व्हायच्या आत ती परत आली. बरोबर एक रजई, तांब्याची सुरई आणि ओबिशीरच्या घराची किल्ली. वरची नान तिने तिथेच उंबऱ्यावर बसून झऱ्याच्या पाण्याच्या चहात संपवली होती, आणि मग दाराला कुलूप लावले होते. त्युमेनच्या मुलाला तिने फोनवरून सांगितले की जावयाकडे राहायला गेलेली नाही, जिऱ्यावर लक्ष ठेवायला गेली आहे, आणि लोकांनी विचारले तर हेच सांगायचे. उन्हाळ्यात मेंढपाळांबरोबर चार दिवस वर जाईन, असेही ती म्हणाली. पण त्या उन्हाळ्यात कोंबड्यांनी दोनदा विटा ओलांडल्या, मग जाणे राहूनच गेले.

आल्याबरोबर तिने खिळ्यावरची नान मागितली. ती अजून पुरती वाळलीही नव्हती. चहात बुडवून खाताना तिने लेकीला विचारले की पिठात मीठ घालायचे कधीपासून बंद केले. आपा म्हणाल्या की ओचा, उद्यापासून घालते. त्या संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे जी जुडी पाठवली ती तिप्पट मोठी होती, आणि त्यात काय काय आहे ते बघायलाही त्यांना सवड नसावी, कारण दोन गवताच्या काड्याही होत्या.

जिरे खरोखरच तुती पिकायच्या आत वाळले. शहलोला मेले असे वाटले, पण तिने मुळा लावला नाही. बीबीने कंद दाखवायला एकदाच माती उकरली आणि लगेच बुजवली. पुढच्या हिवाळ्यात दस्तरखान झटकायला कुणी गेले की ती आतून ओरडून सांगायची, हळू. आपा आता बियांच्या दोन वाटण्या करतात. काही संदलीखाली, आणि डोंगरातून आलेले काहीही असेल तर कापलेल्या कॅनमध्ये घालून बर्फात. अकांनी संदलीच्या उबेत आपली स्वतःचीही तिसरी वाटणी मागून पाहिली.

यंदा ते परत वर आले. पाने थोडी जास्त, चिरलेल्या शेपूसारखी. बीबी काठी घेऊन बादलीवर बसते आणि आपा कात्री घेऊन जवळून गेल्या की काठी उचलते. मिनीबसची सावली विटांवर पडते अशी तक्रार तिने इतके दिवस केली की शेवटी अकांनी ती ढकलत अंगणाबाहेर काढली. ती आता आमच्या दारासमोर उभी असते. दारावरचा खिळा तसाच वाकडा आहे, आणि दुसरे काही टांगायला नसल्यामुळे आपा त्याला जंबिलच्या जुड्या सुकायला लावतात.